रजिस्टरमधला रिकामा रकाना

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली, तेव्हा नागपुरात कोरोनाची साथ जोरात होती. महाल भागातल्या आमच्या पथकात एक आशाताई, शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आणि मी असे तिघे होतो. दिवसाला सुमारे पन्नास घरे करायची, प्रत्येकाचा ताप थर्मल गनने आणि रक्तातला ऑक्सिजन ऑक्सिमीटरने मोजायचा, असे काम होते. लोक मात्र दारातूनच बोलत. एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्यातून कितीतरी लोकांना विलगीकरणात नेले होते, ते कोणी विसरले नव्हते.

त्या दिवशी एका जुन्या वाड्यात सूनबाई दाराशी आल्या. त्यांचे आणि दोन मुलांचे आकडे ९८, ९७, ९८ आले. चौथे नाव सासऱ्यांचे होते. “ते झोपले आहेत, त्यांना काही नाही,” असे त्या म्हणाल्या आणि मी रकान्यात ‘९७’ लिहायला पेन टेकवले. लपवण्यात अर्थ नाही, आदल्या दोन दिवसांत मी असे आकडे लिहिले होते. आशाताईंनी माझ्या हातून रजिस्टर काढून घेतले आणि “फक्त एक मिनिट बोटाला लावतो,” म्हणत त्या आत गेल्या.

म्हातारबुवा झोपलेले नव्हते. खाटेवर बसून ते वर्तमानपत्र वाचत होते. ऑक्सिमीटरवर ८४ आले. यंत्र बिघडले असेल म्हणून मी ते स्वतःच्या बोटाला लावून पाहिले, तर ९८. त्यांचा हात गार होता, तो चोळून मधल्या बोटाला लावले, तर ८५. “मले काई नाई झालं जी, खर्रा जरा जास्त झाला,” ते हसून म्हणाले. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण. आशाताई मात्र घड्याळ आणि त्यांचे पोट आळीपाळीने पाहत होत्या. मिनिटाला अठ्ठावीस श्वास. निरोगी माणसाचे बारा ते वीस असतात.

डॉक्टर याला ‘हॅपी हायपोक्सिया’ म्हणत. दम लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. या आजारात तो बाहेर पडत राहतो, त्यामुळे ऑक्सिजन घसरत असूनही माणूस निवांत गप्पा मारत बसतो.

त्यानंतरचे तीन तास फोनवर गेले. दोन खासगी रुग्णालयांनी बेड नसल्याचे सांगितले, तिसऱ्याने आधी मोठी रक्कम भरायला सांगितली. तोपर्यंत आशाताईंनी त्यांना पालथे झोपवले होते आणि आकडा ८९ वर आला होता. अखेर एका शासकीय रुग्णालयात जागा मिळाली. रुग्णवाहिकेत चढताना त्यांनी उशाखालची खर्ऱ्याची पुडी मागितली. सूनबाईंनी ती दिली नाही, यावर मात्र ते खरोखर चिडले.

ते सतरा दिवसांनी घरी परतले.

त्यांना रुग्णालयात नेले त्याच संध्याकाळी मी रजिस्टर उघडून न मोजता लिहिलेले सारे आकडे लाल पेनाने खोडले. अकरा होते. दुसऱ्या दिवशी ती घरे पुन्हा केली. नऊ जण भेटले, सगळे ९५ च्या वर. दोन घरांनी दार उघडलेच नाही, आणि ते दोन रकाने मी रिकामेच ठेवून वर पाठवले.