अंकुशकृमी आणि लोहाचा ताळेबंद

तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यातली निम्मी तरी दुसऱ्यांचे शौचाचे नमुने बघण्यात. (जेवताना कामाचा विषय काढायला मला घरी कायमची बंदी होती.) अंकुशकृमी म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत (हुकवर्म). त्याचं अंडं एकदा ओळखता आलं की विसरत नाही. काचेसारखं पातळ कवच, आत चारेक पेशींचा पुंजका आणि दोहोंमध्ये स्वच्छ मोकळी जागा. ते दिसलं की मी त्याच माणसाचा रक्ताचा रिपोर्ट शोधायचे. हिमोग्लोबिन सात-आठ निघालं की कोडं सुटल्यासारखं वाटायचं.

एका रिकाम्या दुपारी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर मी आकडेमोड केली. नेकेटर जातीच्या एका जंतापायी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त जातं. अँकिलोस्टोमा ही अंकुशकृमीची दुसरी जात पाचपट तरी खादाड. निरोगी माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे १०० नेकेटर पोटात असले तर रोज दीड मिलिग्रॅम लोह गेलं. आतडं दिवसाकाठी शोषतं १ ते २ मिलिग्रॅम! आवक सगळी जंताच्या नावावर, मग शरीर साठ्याला हात घालतं.

उत्तर इतकं छान जुळलं की मी खूश. पण त्यात दोन चुका होत्या. हा जंत लहान आतड्याच्या वरच्या भागात चिकटतो, त्यामुळे सांडलेल्या रक्तातलं काही लोह पुढचं आतडं परत शोषून घेतं. शिवाय रक्तक्षय वाढेल तसं रक्तातलं लोहच कमी होतं, म्हणजे तेवढंच रक्त गेलं तरी लोह कमी जातं. गळती चालूच राहते, फक्त धार बारीक होते.

आणि मला वाटायचं, एवढं लोह म्हणजे जंताची चंगळ! तसं नाही. हिमोग्लोबिन पचवलं की मागे हीम उरतं, मध्यभागी लोहाचा अणू घेऊन बसलेलं. मोकळं सुटलेलं हीम पेशींना विषच. अंकुशकृमीकडे त्याला पकडून ठेवणारं एक विकर (एन्झाइम) आहे. त्यावरूनच लस बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीची तऱ्हा निराळी. आमच्याकडे शिकवण्यासाठी ठेवलेली त्याची एक स्लाइड होती. नराच्या अंगाला लांबलचक पन्हळ, तिच्यात सुतासारखी मादी, आणि मादीच्या आतून गेलेली काळी रेघ. कित्येक वर्षं मला तो रंगाचा डाग वाटला. ते हिमोझोइन होतं, हिवतापाच्या परजीवीतही सापडतं तेच काळं रंगद्रव्य. हीम स्फटिकात कोंडलं की निरुपद्रवी. आता या कृमीच्या आतड्याला दुसरं तोंडच नाही, म्हणून तो ही काळी घाण ओकून टाकतो. मादी नरापेक्षा कितीतरी पट जास्त लाल पेशी गिळते, कारण अंडी घालायची असतात. अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या तिच्या पेशींत लोह फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात भरून ठेवलेलं असतं.

गंमत म्हणजे जे हीम इतकं नकोसं, त्यावाचून यांचं चालतही नाही. गोलकृमींना (अंकुशकृमी त्यांच्यातलाच) ते स्वतः बनवता येत नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतला बिनधास्त स्वतंत्र जगणारा कृमीसुद्धा ते आयतं मिळवतो, हे २००५ साली दाखवलं गेलं. हत्तीरोगाच्या कृमीत मात्र वोल्बाकिया नावाचे जीवाणू भाडेकरू असतात, आणि हीम बनवायची जनुकं त्यांच्याकडे आहेत. काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की भाडेकरू मरतात आणि मादी वांझ होते. त्यामागे हीम हे एकच कारण नसेल, पण मला ते पटण्यासारखं वाटतं.

एक रुग्ण आठवतो. जंताची गोळी घेऊन महिन्याभराने आला. शौचात अंडी शून्य, हिमोग्लोबिन जवळपास होतं तिथेच. लोहाच्या गोळ्या कुणी लिहूनच दिल्या नव्हत्या. भोक बुजवलं, टाकी कोण भरणार? दोन्ही रिपोर्ट मी एकाच टाचणीत अडकवले आणि वर पेनाने मोठं प्रश्नचिन्ह काढून डॉक्टरांकडे पाठवले.