बारा सेकंद टिकलेली रिंग

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी १० वाजून ४२ मिनिटं ७ सेकंदांनी गोव्यातल्या साखळी गावच्या नोडवर (फायबर केबल जिथं यंत्रांना जोडतात त्या केंद्रावर) वाळपईकडून येणारा प्रकाश बंद झाला. १० वाजून ४२ मिनिटं १९ सेकंदांनी फोंड्याच्या नोडवरही तेच. मधल्या बारा सेकंदांत रिंगनं, म्हणजे वाळपईला दोन बाजूंनी जोडणाऱ्या फायबरच्या वेढ्यानं, आपलं काम चोख केलं होतं. एक बाजू तुटली की ५० मिलिसेकंदांच्या आत सगळा ट्रॅफिक उलट्या बाजूनं फिरवायचा, त्यासाठीच रिंग असते. लॉगमध्ये तो फिरलेला दिसतही होता. तेराव्या सेकंदाला फिरवायला बाजूच उरली नाही.

दुरून पाहताना वाळपईच्या नोडची वीज जाणं आणि दोन्ही केबल तुटणं सारखंच दिसतं. दोन्हींत समोरचा प्रकाश थांबतो. पण वीज गेली तर दोन्ही पोर्ट एकाच क्षणी पडतात. इथं बारा सेकंदांचं अंतर होतं. जेसीबीची बकेट एकदा खाली जाऊन वर येते आणि पुन्हा खाली जाते, तेवढंच. पण आमच्या नकाशात तर एक केबल होंड्यावरून साखळीला जात होती आणि दुसरी उसगावमार्गे फोंड्याला. एकच बकेट दोन्हींना कशी लागणार?

वाळपईत पोचलो तेव्हा माटोळीचा (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचा) बाजार ऐन भरात होता. कांगलां, आंबाडे, तोरिंजनं, सुपारीचे घड, आणि प्रत्येक ढिगापुढं क्यूआर कोडचा पुठ्ठा. लोक मोबाइल वर धरून रेंज शोधत होते. कांड्या मात्र पूर्ण दिसत होत्या. या कांड्यांनी माणूस हमखास फसतो. त्या फक्त मोबाइल आणि टॉवर यांच्यामधला रेडिओ किती जोरदार आहे ते सांगतात. टॉवरच्या पायथ्याशी येणारी फायबर मेली असली तरी टॉवर आपला सिग्नल सोडतच राहतो. ज्या टॉवरला डोंगरावरच्या डिशमधून मायक्रोवेव्हची जोड होती तो चालू होता, पण सगळी गर्दी त्याच्यावरच पडल्यामुळं त्याचं चालणं नावापुरतंच. रेशन दुकानात अंगठा लागत नव्हता, कारण तो जुळवायला आधारच्या सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं. समोरासमोरच्या दोन दुकानांनी एकमेकांना पाठवलेला मेसेजसुद्धा आधी गोव्याबाहेरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत वाळपईत येतो, हे अशा दिवशीच लोकांना कळतं.

सगळ्यात घोळ झाला तो १०:४२ च्या सुमारास पैसे पाठवणाऱ्यांचा. यूपीआयमध्ये मोबाइलवरून विनंती निघते, ॲपच्या बँकेतून एनपीसीआयकडे (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे) जाते, देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होते, घेणाऱ्याच्या खात्यात जमा होते आणि मग उत्तर परत येतं. विनंती वर पोचली आणि उत्तर खाली यायच्या आत केबल तुटली, तर पैसे गेलेले असतात, पण मोबाइलवर चक्र फिरतच राहतं. अशा वेळी पुन्हा पाठवू नये. नेट आल्यावर आधी खात्यातल्या नोंदी पाहाव्यात. एक बाई गिऱ्हाइकाला ‘मागीर दी रे पुता’ (नंतर दे रे बाळा) म्हणून सरळ कांगलांची जुडी देत होती. त्या बाजारात व्यवहार न अडलेली तेवढी एकच जागा मला दिसली.

नोडवर ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाचा वेळ मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर जातो. साखळीकडच्या केबलवर तुटीपासूनचा उजेड सुमारे २२.६ मायक्रोसेकंदांत जाऊन परत आला, म्हणजे अंतर २.३१ किलोमीटर. फोंड्याकडच्या केबलवर आकडा आला २.३४. दोन वेगळ्या वाटा, आणि तुटी तीस मीटरच्या फरकानं! त्याच क्षणी नकाशावरचा विश्वास उडाला.

आता २.३१ म्हणजे गाडीच्या मीटरवर २.३१ नव्हे. केबलच्या नळीत फायबर जरा सैल ठेवलेली असते, त्यामुळं ती केबलपेक्षा सुमारे एक टक्का लांब भरते, इथं साधारण २३ मीटर. शिवाय वाटेतल्या पाच चेंबरमध्ये प्रत्येकी १५ मीटरचा लूप (राखीव केबलचं वेटोळं), म्हणजे ७५ मीटर. एवढं वजा केलं की रस्त्यावर सुमारे २.२१ किलोमीटर. तिथं रस्त्याखालून पाणी जाणारी एक मोरी होती. तिच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायला सकाळी जेसीबी आला होता, आणि दोन्ही केबलचे एचडीपीईचे (प्लास्टिकचे) पाइप एकाच चरातून, मोरीच्या एकाच कडेनं गेले होते. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आहे. खोदणाऱ्यानं जागा टाकली की तिथं ज्यांच्या केबल असतील त्यांना सूचना जाते. गाळ काढणं म्हणजे खोदणं, असं त्या दिवशी कुणाच्या मनातच आलं नाही.

जेसीबीनं तोडलेली केबल कापल्यासारखी तुटत नाही, ओढली जाऊन तुटते. बाहेरून शाबूत दिसणारी केबलसुद्धा आत पुढंपर्यंत फाटलेली असू शकते. म्हणून दोन्ही टोकं चांगली मागं घेऊन कापायची, मध्ये नवा तुकडा टाकायचा आणि दोन जॉइंट करायचे. केबल २४ फायबरची, अशा दोन. म्हणजे ९६ स्प्लाइस, काचेला काच वितळवून केलेले जोड. एकाला तीन मिनिटं धरली तरी एका मशीनवर पाच तास जातात. म्हणून आधी फक्त चालू जोडी घ्यायची, दोन फायबर, चार स्प्लाइस, आणि बाजार उठायच्या आत नेट द्यायचं, असं ठरलं.

पाऊस रिपरिपत होता. स्प्लायसिंग गाडीतच केलं, कारण वाऱ्यानं आर्क (काच वितळवणारी विजेची ठिणगी) हलतो आणि दमट हवेत त्याची ताकद बदलते. त्यामुळं काम सुरू करण्याआधी मशीनवर आर्क कॅलिब्रेशन करावं लागतं. मग नेहमीचा क्रम. आधी जोडावर बसणारी संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, ओवायची (ही विसरली की झालेला जोड तोडून पुन्हा करावा लागतो, आणि घाईत ती हमखास विसरते), २५० मायक्रॉनचं आवरण सोलून १२५ मायक्रॉनची काच उघडी करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, क्लीव्हरनं कापायची. कापाचा कोन एक अंशाच्या आत असला की मशीन जोडतं. जोडांतली प्रकाशाची गळती ०.०१, ०.०३, ०.०२, ०.०२ डेसिबल. चारही जोड उत्तम.

आणि लिंक आलीच नाही.

इथं चूक आमची. उरलेल्या केबलच्या टोकातून होंड्याच्या दिशेनं लाल लेझरचा पेन एकदा मारून बघायला हवा होता. मिनिटाचं काम, घाईत राहून गेलं. साखळीहून घेतलेल्या ओटीडीआरच्या मापात सुमारे ४० मीटर कमी भरत होते, पण ते आम्ही लूपच्या हिशेबात खपवले. जोडी सोडवून पेन लावला, तर पुढच्या चेंबरमधलं क्लोजर (जुन्या जोडांचा डबा) उघडल्यावर आतला ट्रे लालभडक उजळलेला. केबल ओढली गेली तेव्हा तिथल्या फायबर ट्रेमध्येच तुटल्या होत्या. नवा तुकडा थेट त्या क्लोजरपर्यंत ओढला. यात पन्नास मिनिटं गेली.

लिंक आली, पण साखळीला पोचणारा प्रकाश उणे १३.९ डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). तुटण्याआधी तो उणे ११.२ होता. दोन जोडांनी एवढा फरक पडत नाही. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर ओटीडीआरची रेषा जवळजवळ सपाट होती आणि १५५० वर त्याच जागी खड्डा, म्हणजे जोड बरे आहेत, फायबर कुठंतरी वाकली आहे. ट्रेच्या झाकणाखाली एक फायबर दाबली गेली होती. वेटोळं मोठं करून पुन्हा बसवलं, आकडा उणे ११.४ वर आला. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बाजारात अजून गर्दी होती. उरलेले स्प्लाइस दोन मशीनवर रात्री साडेआठपर्यंत चालले.

नकाशातल्या दोन रेषांचा उलगडा रात्री झाला. आखताना दोन केबल एकमेकींवर पडून दिसेनाशा होऊ नयेत म्हणून कुणीतरी दुसरी रेषा मुद्दाम रस्त्याच्या पलीकडं सरकवून ठेवली होती. वाळपई ते होंडा दोन्ही एकाच चरात होत्या, होंड्यापुढं वेगळ्या होत होत्या. त्याच नकाशात अशा सरकवलेल्या रेषा शोधत गेलो, तर पहाटेपर्यंत आणखी तीन पूल सापडले, जिथं दोन्ही केबल प्रत्यक्षात एकत्रच जात होत्या.