किंकाळीतली खरखर

दुपारी तीनच्या सुमारास सोसायटी कशी असते ते सांगायला नको. पंख्यांची घरघर, जेवणानंतरची पेंग, गॅलरीत वाळणाऱ्या चादरी. अशात तिसऱ्या मजल्यावरून एक किंकाळी येते. एकच. तिच्यात शब्द नसतो, तरी चारही विंगांतल्या माना एकदम वर होतात. बहुतेकदा झुरळ असतं, आणि तेही उडणारं. जमिनीवर असेपर्यंत त्याच्या वाट्याला नुसतं ‘ईऽऽ’ येतं. तो किळसेचा सूर. पंख उघडले की ‘ई’चा ‘आ’ होतो. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मा विषय कळला.

दचकणं वेगळं आणि किंचाळणं वेगळं. दचकायला विचार लागत नाही. मोठा आवाज कानावर पडला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, पाठोपाठ मान आत, खांदे वर, गुडघे किंचित वाकलेले. डार्विनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावून, काही झालं तरी मागे सरायचं नाही असा निश्चय केला होता. सापाने झडप घातली आणि डार्विन यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. निश्चय काचेपाशीच राहिला.

किंचाळायला मात्र सामान जुळवावं लागतं. आधी श्वास झटकन आत जातो. त्या वेळी स्वरतंतू एकमेकांपासून लांब असतात, म्हणून दचकल्याबरोबर निघतो तो उलटा, आत ओढलेला ‘हा’. एरवी आपण एका श्वासाला अर्धा लिटर हवा घेतो. या वेळी त्याच्या कितीतरी पट. मग स्वरतंतू मिटतात, ताणले जातात, आणि खालून हवा त्यांच्यावर आदळते. साध्या बोलण्यात हा दाब पाच-दहा सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, जोरात ओरडताना चाळिशीच्या पुढे जातो. जबडा खाली पडतो, तोंडाचा कर्णा होतो. ‘आ’ला ओठांची आडकाठी नाही, जिभेची नाही, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज त्याच स्वरात निघतो. ‘वाचवा’ या शब्दाची अडचण तीच आहे. दोनदा ओठ दाताशी न्यायचा, मध्ये जीभ टाळूला लावायची. तेवढी फुरसत कुणाला? ‘आई गं’ बरं पडतं, आधी आ आणि मग जमलं तर बाकीचं.

पण नुसता उंच आणि मोठा आवाज म्हणजे किंकाळी नव्हे. मैफलीत तार षड्ज लागला की लोक ‘वा’ म्हणतात, कुणी चपला न घालता पळत नाही. फरक खरखरीचा आहे. २०१५ साली ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल हे मेंदूचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांनी किंकाळ्या मोजून पाहिल्या. बोलताना आवाजाचा जोर सेकंदाला चार-पाच वेळा चढतो-उतरतो, साधारण अक्षरांच्या गतीने. किंकाळीत हीच चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होते. इतक्या वेगातले हेलकावे कानाला सुटे ऐकू येत नाहीत. सुरावर पॉलिश पेपर घासल्यासारखा भास होतो. जास्त दाबाखाली स्वरतंतूंची लय बिघडते, ते वेडेवाकडे थरथरतात, त्यातून हे होतं. खरखर जितकी जास्त तितकी ऐकणाऱ्याला भीती जास्त, आणि मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग तितका जास्त जागा होतो. गजरांचे, भोंग्यांचे कर्कश आवाजही याच पट्ट्यात सापडले. गाण्याच्या गुरूंचं अर्धं आयुष्य शिष्याच्या गळ्यातून हीच खरखर काढण्यात जातं. निसर्गाने ती मुद्दाम ठेवली होती, हे त्यांना सांगायला जाऊ नये.

आता शिमग्याची बोंब आठवा. पालथा हात तोंडावर आपटत ओरडायचं. हातही आवाज तोडतोच, पण माणसाचा हात सेकंदाला पाच-सहा वेळांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे बोलण्याचीच गती. म्हणून होळीभोवती पन्नास माणसं घसा फोडून बोंबलत असली तरी काळजात धस्स होत नाही, हसूच येतं. आवाज किंकाळीचा, ताल गप्पांचा. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं त्याच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं, एवढंच.

ताडोब्याला गेलेल्यांना ‘कॉल’ माहीत असतो, वाघ दिसल्यावर जनावरं देतात तो इशारा. जिप्सी बंद करून गाइड बोट वर करतो आणि सगळे श्वास धरून बसतात. झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ चिरक्या आवाजात. चितळ कधी उगीचही ओरडतं. सांबराने आवाज दिला की गाइड गाडी वळवतो. या ओरडण्याने कळप सावध होतो, आणि शिकाऱ्यालाही कळतं की आपण दिसलो. मग दबा धरून बसण्यात अर्थ उरत नाही. कोंबडा तर माणसं बघून ओरडतो म्हणा ना. वर शिकारी पक्षी दिसला आणि जवळ कोंबडी असली तर तो हाकाटी करतो, एकटा असला तर बहुधा गप्प बसतो. बंद स्वयंपाकघरात एकटी व्यक्ती झुरळाला बघून किंचाळते, तिला कोंबड्याएवढा हिशेब का जमत नाही कोण जाणे.

किंकाळी फसतेही. बोबडी वळते, घशाला कोरड पडते, तोंड उघडं आणि आवाज नाही. ओरडण्याचा खटका मेंदूच्या देठाशी आहे. मोठा मेंदू घडलेलाच नाही अशी बाळंही रडतात ती त्यामुळेच. पण प्राण्यांत जागच्या जागी थिजवणारा खटकाही त्याच भागात सापडला आहे, आणि कुठला आधी दाबला जाईल ते आपल्या हातात नसतं. स्वप्नात ओरडावंसं वाटूनही ओरडता येत नाही, त्याचं कारण वेगळं. स्वप्नांच्या झोपेत मेंदूने अंगाचे बहुतेक स्नायू सैल सोडलेले असतात; जीव तोडून मारलेल्या हाकेचा बाहेर फक्त ‘हूं हूं’ होतो आणि शेजारचा कूस बदलतो.

राहिली पोरं. संध्याकाळी खाली बागेत ती एकसारखी किंचाळत असतात, आणि वर पोळ्या लाटणारा हात थांबत नाही. त्या घरांना आनंदाची किंकाळी ओळखता येते असं वाटतं, पण मागचापुढचा संदर्भ काढून नुसती किंकाळी ऐकवली तर माणसं आनंदाच्या किंकाळीलाही भीतीचीच समजतात, असं २०२१ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे कान किंकाळीवर नसतोच; तो तिच्यानंतर काय येतं तिकडे लागलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरून किंकाळीपाठोपाठ हसणं आलं, झाडू आपटल्याचा आवाज आला, ‘गेलं गं गेलं’ ऐकू आलं, की माना पुन्हा उशीवर टेकतात. काहीच आलं नाही, तर कुणीतरी उठतं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघतं.