आमची वाटचाल : पांढऱ्या बलकापासून पेशींपर्यंत

औषधी वनस्पतींचे अर्क सूज खरोखर कमी करतात का, हे तपासून देणारी आमची छोटी प्रयोगशाळा आहे. सुरुवात अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाली. तापवल्यावर बलकातले प्रथिन बिघडते आणि गढूळ होते; अर्काने हा गढूळपणा किती टक्के रोखला, त्यावरून त्याच्या सूज कमी करण्याच्या गुणाचा अंदाज बांधतात. ०.२ मिली बलक, २.८ मिली फॉस्फेट बफर (पीएच ६.४) आणि २ मिली अर्क, ३७ अंशांवर १५ मिनिटे, मग ७० अंशांवर ५ मिनिटे. गार झाल्यावर ६६० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजायचा, तुलनेला डायक्लोफेनॅक हे सूज कमी करणारे औषध ठेवायचे. चाचणी स्वस्त, म्हणून मागणीही हिलाच जास्त.

पण हिच्यावर विसंबता येत नाही. हिरड्यातले टॅनिन (तुरट द्रव्य) तापवण्याआधीच प्रथिनाला धरते आणि नळी गढूळ होते. सालईचा डिंक पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचाही गढूळपणा आकड्यात मिसळतो. म्हणून आता प्रत्येक अर्काच्या दोन जादा नळ्या लावतो: एक बलकाशिवाय, दुसरी न तापवलेली. या दोन नळ्यांशिवाय आलेली टक्केवारी आम्ही अहवालात घालत नाही.

पुढचा टप्पा पेशींचा. उंदराच्या ‘रॉ २६४.७’ या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक) पेशींना अर्कासोबत मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅम एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला दाह घडवणारा पदार्थ, देऊन भडकवायचे, २४ तासांनी वरच्या द्रवात ग्रीस (Griess) अभिकर्मक घालून ५४० नॅनोमीटरवर नायट्राइट मोजायचे; भडकलेल्या पेशींमुळे ते वाढते. नायट्राइट घटले की आनंद होतो, पण आधी एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे रंगद्रव्याने दाखवणारी चाचणी, पाहावी लागते; पेशी मेल्या असतील तरी नायट्राइट घटतेच. एमटीटीही फसवते, कारण अर्कातली पॉलिफेनॉल ही वनस्पतिद्रव्ये त्या रंगद्रव्याचे स्वतःच क्षपण करतात. त्यामुळे रंग टाकण्यापूर्वी अर्क धुऊन काढतो. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ हा द्रावक ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देत नाही.

सर्वांत छळणारी गोष्ट म्हणजे पाल्यावरच्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच. ते अर्कातून आले तर दाह शमवण्याऐवजी अर्कच पेशींना भडकवतो. म्हणून एलपीएसविना, नुसत्या अर्काचा खळगाही पेशींच्या प्रत्येक प्लेटवर असतोच.

उंदरांच्या पंजाला कॅराजीनन हा सूज आणणारा पदार्थ टोचण्याची चाचणी आमच्याकडे होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत प्राणिगृह आणि नैतिकता समितीची परवानगी लागते.

नमुना पाठवताना पावडरीसोबत वाळवलेली अख्खी फांदी, शक्यतो फुलासकट, जरूर पाठवा. निर्गुडीचा पाला सावलीत वाळवा, उन्हात तेल उडते. ‘रास्ना’ म्हणून तर प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. फांदी नसेल तर अहवाल नेमका कशाचा, हे आम्हालाही सांगता येत नाही.