एका दुर्मीळ इटालियन आडनावाचा माग : माझा अनुभव

इटलीत 2016 च्या अखेरीपर्यंत विवाहित जोडप्याच्या मुलाला जन्मनोंदणीच्या वेळी वडिलांचेच आडनाव लागत असे आणि आईवडिलांची इच्छा वेगळी असली तरी तिला वाव नव्हता. त्या वर्षीच्या डिसेंबरात घटनात्मक न्यायालयाने आईचेही आडनाव जोडण्याची मुभा दिली, आणि 2022 साली 131 क्रमांकाच्या निकालाने दोन्ही आडनावे हाच नियम ठरवला. आमची मुलगी मिलानमध्ये जन्मली ती या दोन्ही निकालांच्या आधी. त्यामुळे तिला माझे, म्हणजे सातारा जिल्ह्यात दर दोन घरांआड सापडणारे आडनाव मिळाले, आणि माझ्या पत्नीचे, जे अख्ख्या इटलीत मोजक्याच घरांत उरले आहे, ते मिळाले नाही. सासऱ्यांना दोन मुलीच. लग्नानंतर इथल्या स्त्रियांचे आडनाव कागदोपत्री बदलत नाही, हे खरे असले तरी ते मुलांकडे जात नसल्यामुळे या शाखेपुरते आडनाव तिथेच संपणार होते. ते मुलीच्या नावाला जोडून घ्यायचे आम्ही ठरवले.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. ज्या आडनावाची घरे एका तालुक्याएवढ्या पट्ट्यात मावतात ते छापणे म्हणजे त्या सर्वांचे पत्ते छापण्यासारखेच आहे. एवढे सांगतो की ते 'ई'कारान्त आहे, कानाला अस्सल लोंबार्द, म्हणजे मिलानच्या लोंबार्दिया प्रदेशातले, वाटते, आणि इटालियन आडनावांच्या कोशांत आम्हाला ते सापडले नाही. ज्या देशात तीन लाखांहून अधिक आडनावे आहेत तिथे हे फारसे नवल नाही.

आडनाव बदलण्याचा किंवा जोडण्याचा अर्ज इथे प्रिफेक्टकडे करावा लागतो. प्रिफेक्ट म्हणजे प्रांतातला केंद्र सरकारचा प्रतिनिधी, आपल्या जिल्हाधिकाऱ्याशी साधारण जुळणारे पद. 2012 पूर्वी यातले बरेचसे अधिकार रोममधल्या गृहमंत्रालयाकडे होते. अर्जात कारण द्यावे लागते आणि ते सयुक्तिक असावे लागते. 'आवडते म्हणून' हे कारण चालत नाही. 'हे आडनाव दुर्मीळ असून लुप्त होण्याच्या मार्गावर आहे' असे लिहिता येते, पण मग ते किती दुर्मीळ, कुठून आले, हे कागदपत्रांनिशी मांडले तर बरे, असे आम्हाला एका जाणत्या वकीलबाईंनी सुचवले. त्या सूचनेमुळे एका साध्या अर्जाचे रूपांतर वंशावळीच्या शोधात झाले.

सासऱ्यांच्या घराण्यात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. आडनाव इतके थोड्या लोकांचे आहे त्याअर्थी मूळ पुरुष कुणी तरी सरदार असणार, अशी ती समजूत. दिवाणखान्यात एक चौकटीत बसवलेले कुलचिन्हही होते. असली कुलचिन्हे इटलीतल्या कोणत्याही पर्यटनस्थळी, कोणत्याही आडनावासाठी, पाच मिनिटांत छापून मिळतात. 1948 च्या इटालियन राज्यघटनेने सरदारकीचे किताब मानणेही बंद केले आहे. पण घरातल्या भिंतीला राज्यघटना लागू होत नाही, म्हणून जावयाने त्या विषयावर बोलणे टाळले होते.

सुरुवात नकाशापासून केली. टेलिफोन डिरेक्टरीच्या आधारे इटलीतल्या आडनावांचे वितरण दाखवणारे नकाशे इंटरनेटवर सहज मिळतात. आमच्या आडनावाचे ठिपके मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्झा भागातल्या काही गावांत दाटलेले होते. मिलान शहरात तुरळक आणि बाकी देश कोरा होता. जुन्या, नैसर्गिकपणे वाढलेल्या आडनावाचा नकाशा सहसा असा दिसत नाही. लुहारकी किंवा सोनारकीवरून, लाल केसांवरून, नदीकाठच्या वस्तीवरून पडलेली आडनावे एकाच वेळी अनेक ठिकाणी उगवतात. 'रोस्सी' हे इटलीतले सर्वाधिक प्रचलित आडनाव याच कारणाने देशभर पसरलेले आहे. एकाच ठिकाणी, एकाच झुपक्यात असणारे आडनाव बहुधा एकाच माणसापासून सुरू झालेले असते. प्रश्न एवढाच होता की तो माणूस कोण आणि कधीचा.

कागदपत्रांत मागे जाताना प्रदेशाप्रदेशांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. संपूर्ण इटलीची एकसारखी नागरी नोंदणी 1 जानेवारी 1866 पासून सुरू झाली. व्हेनेतो आणि रोम तिच्यात 1871 मध्ये आले. नेपल्सच्या जुन्या राज्यात ती नेपोलियनच्या काळातच सुरू झाली आणि पुढेही चालू राहिली. लोंबार्दियात मात्र ऑस्ट्रियाचे राज्य परत आल्यावर जन्म, लग्न व मृत्यूच्या नोंदी चर्चच्या पाद्र्यांकडे सोपवल्या गेल्या. त्यामुळे 1816 ते 1865 या पन्नास वर्षांसाठी इथे गावच्या चर्चशिवाय गत्यंतर नाही. चर्चच्या वह्या मात्र खूप मागे जातात. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नांची नोंद सक्तीची केली आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीही त्याच सुमारास सर्वत्र रूढ झाल्या. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत सात पिढ्यांची नावे पाहिलेल्या माणसाला या वह्यांचे अप्रूप वाटत नाही. तिथे यात्रेकरू सांगेल ते लिहिले जाते, इथे मात्र पाद्री प्रत्यक्ष प्रसंगाच्या दिवशी नोंद करतो, एवढा फरक आहे.

1866 नंतरच्या बऱ्याच नोंदी आता 'आन्तेनाती' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि उरलेल्यांसाठी गावच्या नगरपालिकेकडे 'कोपिया इंतेग्राले', म्हणजे मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल, मागावी लागते. नुसता दाखला घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. दाखल्यात नाव, तारीख आणि गाव एवढेच येते. नक्कलेत मात्र साक्षीदार, व्यवसाय, राहते घर आणि समासातले शेरे असे सगळे उतरते. सासऱ्यांच्या आजोबांची जन्मनोंद आणि त्यांच्या वडिलांची, म्हणजे सासऱ्यांच्या पणजोबांची, लग्ननोंद अशा दोन नकला आम्ही मागवल्या. दुसरीत वराच्या नावापुढे, जिथे वडिलांचे नाव यायला हवे तिथे, 'अज्ञात माता-पित्यांचा पुत्र, जन्म मिलान' असे शब्द होते. व्यवसाय शेतमजूर. वराला सही येत नसल्याची नोंद खाली होती.

ब्रिआन्झातल्या शेतमजुराचा जन्म मिलानमध्ये आणि आईबाप अज्ञात, एवढ्यावरून पुढचा पत्ता स्पष्ट झाला. मिलानच्या अनाथालयाचे, म्हणजे 'ब्रेफोत्रोफियो'चे, जुने दप्तर आज महानगर प्रशासनाच्या ऐतिहासिक अभिलेखागारात आहे. ओस्पेदाले माज्जोरे हे 1456 साली मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा याने स्थापन केलेले रुग्णालय, आणि त्याच्याजवळच सांता कातेरिना इथे हे अनाथालय होते. भिंतीत एक फिरते लाकडी कपाट बसवलेले असे. बाहेरून त्यात मूल ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आतल्या दाईने ते फिरवून मूल घ्यायचे. देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला दिसत नसे. मिलानचे हे फिरते कपाट 1868 मध्ये बंद झाले, नेपल्सच्या आनुंत्सियाता अनाथालयाचे 1875 मध्ये.

आडनावाचे कोडे याच संस्थेच्या रीतीत सुटते. पूर्वी इथे आलेल्या प्रत्येक मुलाला 'कोलोंबो' हे एकच आडनाव दिले जाई, कारण रुग्णालयाच्या बोधचिन्हावर कबूतर होते. फ्लॉरेन्समध्ये 'इन्नोचेंती', रोममध्ये 'प्रोयेत्ती', नेपल्समध्ये 'एस्पोझितो', बोलोन्यात 'देल्यी एस्पोस्ती' अशी त्या त्या शहराची ठरलेली आडनावे होती आणि ऐकणाऱ्याला माणसाचा जन्म तिथल्या तिथे कळत असे. हा डाग पुसावा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठिकठिकाणी ही प्रथा बंद करण्यात आली. नेपल्समध्ये ती बंदी म्युरा राजाच्या कारकिर्दीत आली, तर मिलानमध्ये 'कोलोंबो' देणे 1825 मध्ये थांबले. त्यापुढे प्रत्येक मुलाला वेगळे, शक्यतो आधी कुणाचे नसलेले आडनाव द्यायचे ठरले. मग कारकुनांची परीक्षा सुरू झाली. वर्षाला हजारो मुले येत आणि प्रत्येकासाठी नवे आडनाव हवे. झाडे, पक्षी, नद्या, गावे संपली की अस्तित्वात असलेल्या आडनावातले एखादे अक्षर बदलायचे, शेवट फिरवायचा, दोन तुकडे जोडायचे.

परिणाम असा झाला की एका हुकमाच्या आधीच्या मुलांचे आडनाव लोंबार्दियातल्या सर्वांत सामान्य आडनावांत जाऊन बसले, आणि नंतरच्या मुलांची आडनावे देशातल्या सर्वांत दुर्मीळ आडनावांत मोडू लागली. दुर्मीळपणा पाहून सरदारकीचा तर्क करणाऱ्या कितीतरी घराण्यांचा मूळ पुरुष याच कपाटातून आत आलेला असणार, असे मला आता वाटते.

अभिलेखागारात आधी लेखी विनंती करून तारीख घ्यावी लागते. ज्या आईने नाव गुप्त ठेवले आहे तिची ओळख पटवणारे कागद इटालियन कायद्यानुसार शंभर वर्षे उघडत नाहीत. आमचे प्रकरण 1850 च्या दशकातले असल्याने ती अडचण आली नाही. नोंदवहीचे पान मोठे, रेघा आखलेले, शाई तपकिरी पडलेली. मूल रात्री किती वाजता मिळाले, अंदाजे वय काय, अंगावर काय होते, यांची बारीक नोंद त्यात होती. जुन्या चादरीचे दोन तुकडे, एक लोकरी पट्टा, ठिगळ लावलेली टोपी. त्याच्या खाली 'खूण' असा रकाना होता. अनेक आईबाप मूल परत नेण्याच्या इराद्यानेच ठेवत. त्यांत लग्नाची जोडपीही बरीच असत, कारण गिरणीत किंवा धुण्याच्या कामावर जाणाऱ्या बाईला मूल अंगावर पाजणे जमत नसे. ओळख पटावी म्हणून अर्धे नाणे, अर्धे पदक किंवा पत्त्यातल्या पानाचा अर्धा तुकडा मुलासोबत ठेवत आणि दुसरा स्वतःजवळ. आमच्या नोंदीत एका संताच्या छापील चित्राचा, नागमोडी कापलेला डावा अर्धा भाग लिहिला होता. परत नेल्याचा रकाना मोकळा होता. पुढच्या ओळीत ब्रिआन्झातल्या एका गावच्या दाईचे नाव, तिला दिलेल्या मेहनतान्याच्या नोंदी, आणि मुदत संपल्यावर मूल त्याच कुटुंबात राहिल्याचा शेरा होता. नकाशातला झुपका नेमक्या त्याच गावाभोवती होता.

हे सासऱ्यांना कसे सांगावे, याची मला चिंता होती. पत्नीने नोंदीची छायाप्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि मला म्हणाले, "टोपीला ठिगळ लावून दिलं होतं म्हणजे कुणीतरी रात्री बसून शिवलं असणार." कुलचिन्ह भिंतीवरच राहिले. ते काढावे असे मीही सुचवले नाही.

आडनाव इतके कमी का उरले, याचे उत्तर आता सोपे होते. ज्याची सुरुवातच एका माणसापासून झाली ते दीड शतकात फार वाढू शकत नाही, आणि फक्त मुलग्यांकडून चालणारे आडनाव निव्वळ योगायोगानेही संपते, हे गॉल्टन आणि वॉटसन या दोघा ब्रिटिश अभ्यासकांनी 1874 मध्येच गणिताने दाखवले आहे. आमच्याकडे तो हिशेब डोळ्यांसमोर होता. पणजोबांच्या मुलग्यांपैकी एक पहिल्या महायुद्धात गेला, एक अविवाहित राहिला, आणि उरलेल्यांच्या घरी मुलींचीच संख्या अधिक होती.

पुढचा भाग कार्यालयीन आहे, तो थोडक्यात सांगतो. अर्जावर आम्हा दोघांच्या सह्या, सोबत सर्व नकला, आणि सोळा युरोचे तिकीट, म्हणजे 'मार्का दा बोल्लो'. या तिकिटाची एक गंमत आहे. हास्यास्पद, लाजिरवाणे किंवा अनौरस जन्म उघड करणारे आडनाव बदलायचे असेल तर नियमाप्रमाणे शुल्क माफ असते. आमचे आडनाव जन्म लपवावा म्हणूनच घडवलेले, आणि आम्हाला ते टाकायचे नसून घ्यायचे होते, तेव्हा माफी मागण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच नियमावलीत, ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा एखाद्या नामांकित घराण्याशी नाते असल्याचा भास निर्माण करणारे आडनाव मागता येणार नाही, असेही कलम आहे. सरदारकीची कथा खरी निघाली असती तर कदाचित तिथेच विचारणा झाली असती.

प्राथमिक मंजुरीनंतर अर्जाचा सारांश नगरपालिकेच्या सूचनाफलकावर, म्हणजे 'आल्बो प्रेतोरियो'वर, तीस दिवस लावला जातो आणि कुणाची हरकत आहे का ते पाहिले जाते. आमच्या बाबतीत हरकत आली नाही. मध्ये एकदा माझ्या भारतीय पासपोर्टवरून गोंधळ झाला. त्यात माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे, आणि ते दुसरे आडनाव आहे की काय, असे एका खिडकीवर विचारले गेले. ते आडनाव नव्हे हे मी लेखी देऊन सुटका करून घेतली.

नवे आडनाव आधी घ्यायचे की नंतर, हा निर्णय आम्ही भावनेवर सोडला नाही. इटलीतला सोळा अक्षरांचा करक्रमांक, 'कोदिचे फिस्काले', आडनावाच्या पहिल्या तीन व्यंजनांपासून सुरू होतो. आईचे आडनाव पुढे आले असते तर क्रमांक बदलला असता, आणि त्याबरोबर शाळा, डॉक्टर, बँक यांच्याकडचे सगळे कागदही. म्हणून माझे आडनाव आधी, तिच्या आईचे नंतर. अंतिम आदेश आल्यावर जन्मनोंदीच्या समासात तसा शेरा पडला आणि त्यानंतरच ओळखपत्र व पासपोर्ट नव्याने काढता आले. भारताच्या ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या, कार्डावरही बदल करून घ्यावा लागणार आहे, त्याचे कागद सध्या जुळवतो आहोत.

मुलीचा प्रश्न वेगळाच आहे. तिला पुढे मुले झाली तर त्यांना किती आडनावे लागतील, असे तिने विचारले. दोघांची दोन-दोन म्हणजे चार, त्यांच्या मुलांची आठ. 2022 च्या निकालातच न्यायालयाने ही अडचण ओळखून, पिढीगणिक आडनावे वाढत जाऊ नयेत अशी तरतूद करण्याचे काम संसदेकडे सोपवले आहे. तेव्हा दोनांपैकी कोणते पुढे द्यायचे हे तिलाच ठरवावे लागेल, असे मी तिला सांगितले. तिने आत्ताच ठरवून टाकले आहे, आणि ते साताऱ्याकडचे नाही.