तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्योधनाची कैफियत

कथालेखन शिकणारे लोक मला हमखास विचारतात, की खलनायक पटण्याजोगा कसा लिहावा, आणि तो पटला तर त्याने केलेल्या अन्यायाची धार बोथट होणार नाही का? मी त्यांना महाभारताचे सभापर्व वाचायला सांगतो, आणि तेही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतले.

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणून हसली, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले आहे. त्या संहितेत हे वाक्य नाही. महाभारताचा निवेदक वैशंपायन प्रसंग सांगतो तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात आणि राजाच्या आज्ञेने पाहुण्याला कोरडी वस्त्रे दिली जातात. हसणारी द्रौपदी येते ती पुढे, दुर्योधन स्वतः बापापुढे गाऱ्हाणे मांडतो तेव्हा: कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि इतर स्त्रियांसह द्रौपदीही हसली. हा फरक कवीने जाणून ठेवला की संहितेच्या थरांतून उरला, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला त्यातून दुर्योधन कळतो. अपमान खरा आहे, कारण लोक हसले होतेच. पण सांगताना त्यात जे नाव पडले, त्याच व्यक्तीवर पुढे सूड उगवला जाणार आहे.

शिवाय ही कैफियत ऐकतो कोण, हेही पाहावे. धृतराष्ट्र आधी मुलाला समजावतो, द्वेष करू नकोस म्हणतो, आणि मग पुत्रप्रेमापुढे नमून द्यूतासाठी सभागृह बांधायची आज्ञा देतो. द्रौपदी पणाला लागते तेव्हा हाच म्हातारा आनंद लपवू न शकल्यामुळे ‘जिंकले का? जिंकले का?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो. शकुनीच्या फाशांपेक्षा मला ही अधीरता अधिक भयंकर वाटते. म्हणून मी लिहिताना खलनायकाचे दुःख वाचकाला थेट सांगत नाही. ते मी त्याच्यावर माया करणाऱ्या, नकार देऊ शकेल अशा माणसापुढे त्याच्याच तोंडून वदवतो.

धार बोथट होण्याची भीती मात्र द्यूतसभेत उरत नाही. दुर्योधनाचे मन आपल्याला ठाऊक असते, तरीही द्रौपदीचा प्रश्न, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, भर सभेत तसाच उभा राहतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून सुटका करून घेतात. विदुर बोलतो, आणि कौरवांपैकीच विकर्ण उठून तिला जिंकलेलेच नाही असे ठणकावतो. खलनायकाच्या घरातलाच एक भाऊ तसे म्हणू शकतो, एवढ्यावरून गप्प बसलेल्या इतरांनाही बोलता आले असते हे दिसते. त्यासाठी कवीला वेगळा निषेध लिहावा लागत नाही.

विकर्णाला गप्प करतो तो कर्ण, आणि द्रौपदीसाठी तो त्या वेळी जे शब्द वापरतो ते ऐकवत नाहीत. कर्णावर आपल्याकडे फार जीव आहे, माझाही आहे. पण त्याच्या बाजूने कथा लिहिणारा कोणी मला हस्तलिखित दाखवतो, तेव्हा त्यात हे भाषण आहे की गाळले आहे, ते मी आधी पाहतो.