आमची वाटचाल : तासांच्या कोटेशनपासून पॉइंटपर्यंत

पुण्यात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली तेव्हा कोटेशन तासांत जायचं. 16 तास लिहिले की ग्राहक दोन दिवस धरतो. मधल्या मीटिंगा, कोड रिव्ह्यू, जुने बग त्यात कुठेच नसतात. शिवाय तोच स्क्रीन एकाला चार तासांचा, तर दुसऱ्याला दोन दिवसांचा. म्हणून आम्ही स्टोरी पॉइंटवर आलो. स्टोरी म्हणजे ग्राहकाला हवं असलेलं एक छोटं काम, पॉइंट म्हणजे तासांऐवजी दुसऱ्या कामाच्या तुलनेत त्याचा आकार. सगळ्यांच्या हाताखालून गेलेली एक स्टोरी ठरवली, 'बिलाची पीडीएफ ईमेलने पाठवणे', 3 पॉइंट. नवं काम तिच्याशी ताडून पाहायचं.

आकडा ठरतो प्लॅनिंग पोकरने, म्हणजे टीममधल्या प्रत्येकाने आपल्या अंदाजाचा पत्ता टाकून. ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली. पत्ते 1, 2, 3, 5, 8, 13. मोठ्या कामात 13 की 14 हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अंतर वाढत जातं. पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे. सिनियरने आधी आकडा सांगितला की बाकीचे त्याच्याच आसपास घुटमळतात.

पत्ते जुळत नाहीत तिथेच खरी कमाई असते. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसची स्टोरी घ्या. डेव्हलपर 3 टाकतो: सरकारी पोर्टलला बिलाची माहिती जेसन फाइलमध्ये पाठवायची, आलेला आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड बिलावर छापायचा. टेस्टर 13 टाकते: पोर्टलचं उत्तर मध्येच अडकलं तर? तेच बिल पुन्हा पाठवलं की डुप्लिकेटची एरर येते, मग आधीचा आयआरएन मागवून घ्यावा लागतो. पोर्टलवर रद्द करायला 24 तासच, नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा करणारा कागद). म्हणून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्तवाल्याने आधी बोलायचं, मग पुन्हा पत्ते. सरासरी काढली तर टेस्टरचे प्रश्न त्यातच विरून जातात. एवढं करूनही 13 च राहिले, तर स्टोरी फोडायची.

तारीख मात्र पॉइंटवरून थेट निघत नाही. समजा, मागच्या तीन स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत) 18, 24 आणि 21 पॉइंट पूर्ण झाले आणि 120 उरलेत. 24 च्या वेगाने पाच स्प्रिंट, 18 च्या वेगाने सात. दोन आठवड्यांची स्प्रिंट असेल तर ग्राहकाला 10 ते 14 आठवडे सांगायचे. अर्धवट स्टोरीचे पॉइंट शून्य.

हा वेग आम्ही अप्रेझलला लावत नाही. लावला की 3 ची स्टोरी हळूहळू 5 ची होते आणि तारखेचा हिशोबच कोलमडतो. सपोर्टच्या तिकिटांना तर पॉइंटच देत नाही. ती साधारण सारख्याच आकाराची असतात, आठवड्याला किती बंद होतात एवढं मोजलं की भागतं.